घरातील मांसल वनस्पतींचे संगोपन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शहरातील घरांच्या खिडक्यांत, सज्जांत आणि कार्यालयांच्या टेबलांवर आज कोरफड, जेड, पानफुटी, हावर्थिया, सॅन्सेव्हिएरिया यांसारख्या मांसल वनस्पतींच्या कुंड्या सर्रास आढळतात. थोड्या जागेत वाढणारी, फारशी देखभाल न मागणारी आणि मालकाचे दुर्लक्ष सहन करणारी झाडे अशी त्यांची ख्याती आहे. असे असूनही ही झाडे घरात मोठ्या प्रमाणावर दगावतात, आणि ती बहुधा पाण्याच्या अभावाने नव्हे तर पाण्याच्या अतिरेकाने दगावतात. पाणी बेताचे, उजेड भरपूर, माती निचऱ्याची आणि थंडीपासून बचाव ही त्यांच्या संगोपनाची सर्वमान्य चतुःसूत्री होय. रोपवाटिकेतील विक्रेत्यापासून बागकामाच्या पुस्तकांपर्यंत सर्वत्र ती सांगितली जाते. परंतु हे नियम कोणी, कोठे आणि कोणत्या परिस्थितीत तयार केले, याचा विचार क्वचितच होतो.

संगोपनाचे नियम निसर्गनियमांप्रमाणे स्थलकालनिरपेक्ष नसतात. विशिष्ट हवामानात, विशिष्ट घरांत, विशिष्ट माणसांनी झाडे मरताना आणि जगताना पाहून ते घडवलेले असतात. मांसल वनस्पतींबाबत हे नियम मुख्यतः सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वायव्य युरोपात घडले. तेथून ते ग्रंथांद्वारे जगभर गेले आणि महाराष्ट्रातील सज्जापर्यंतही पोहोचले. हा प्रवास समजून घेतल्यास त्यातील कोणता भाग सार्वत्रिक आहे आणि कोणता केवळ स्थानिक आहे, हे वेगळे करता येते. प्रस्तुत लेखात हाच प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मांसल वनस्पतींच्या अंतर्गृह संगोपनाच्या ज्ञानाची ऐतिहासिक जडणघडण पाहणे.
२. या वनस्पतींचा शास्त्रीय अभ्यास आणि त्यांचे प्रत्यक्ष संगोपन यांतील संबंध तपासणे.
३. या ज्ञानाच्या घडणीतील भारतीय दुवे स्पष्ट करणे.
४. युरोपीय संगोपननियमांची महाराष्ट्राच्या ऋतुमानाशी तुलना करणे.

संकल्पना व व्याप्ती

पाने, खोड किंवा मुळे यांत पाण्याचा साठा करणाऱ्या वनस्पतींना मांसल किंवा रसाळ वनस्पती म्हणतात. हा वनस्पतीशास्त्रीय वर्गीकरणातील एक गट नव्हे. कोरफडीचे कुल, निवडुंगांचे कुल, क्रॅसुलेसी हे पानफुटीचे कुल, तसेच रुईशी नाते असलेल्या स्टॅपेलिया अशा परस्परांपासून दूरच्या कुलांत हा गुणधर्म स्वतंत्रपणे विकसित झाला आहे. प्रस्तुत लेखाची मांडणी ऐतिहासिक-वर्णनात्मक पद्धतीची असून तिचा भर दक्षिण आफ्रिकेतील केप प्रदेश, ॲम्स्टरडॅम, लंडन आणि भारत यांवर आहे. अमेरिकेतील निवडुंगांचा उल्लेख आवश्यक तेथेच केला आहे.

१. केप ते ॲम्स्टरडॅम

डच ईस्ट इंडिया कंपनीने इ.स. १६५२ मध्ये केप येथे आपले ठाणे उभारले. आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला पुरवणे हा तेथील कंपनीच्या बागेचा मूळ उद्देश होता. कालांतराने याच मार्गाने केपच्या कोरड्या प्रदेशातील वनस्पती युरोपात जाऊ लागल्या. ॲम्स्टरडॅमची औषधी वनस्पतींची बाग इ.स. १६८२ मध्ये नव्या जागेत उभी राहिली. योहान हुइडेकोपर आणि यान कोमेलिन यांनी तिची घडी बसवली. कंपनीच्या जहाजांतून येणाऱ्या बियांना व कंदांना या बागेत आश्रय मिळाला. यान कोमेलिन यांचे पुतणे कास्पर कोमेलिन यांनी इ.स. १७०३ आणि १७०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आफ्रिकी कोरफडींची अनेक चित्रे व वर्णने आहेत.

या इतिहासाचा भारताशी येणारा पहिला दुवा हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यांच्या रूपाने दिसतो. मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ त्यांच्या पुढाकाराने इ.स. १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या निर्मितीत इट्टी अच्युतन या वैद्यांचा आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांचा सहभाग होता, आणि ग्रंथात त्यांची नावे नोंदवलेली आहेत. हेच व्हान ऱ्हीड इ.स. १६८५ मध्ये कंपनीचे आयुक्त म्हणून केपला आले. त्याच वर्षी केपचे कमांडर सिमोन व्हान डेर स्टेल यांची नामाक्वालँडमधील तांब्याच्या डोंगरांकडे मोहीम निघाली. मोहिमेतील चित्रकार हाइन्रिख क्लॉडियस यांनी तेथील वनस्पतींची चित्रे काढली. त्यांत ज्या वृक्षरूप कोरफडीच्या पोकळ फांद्यांचे सान लोक बाणांचे भाते करीत, तिचाही समावेश होता. मलबारच्या ग्रंथात स्थानिक जाणकारांची नावे आली, केपच्या वनस्पतींबाबत मात्र तशी नोंद झाली नाही. या फरकाचे परिणाम पुढे दीर्घकाळ राहिले.

२. दाबून ठेवता न येणारी वनस्पती

अठराव्या शतकातील वनस्पतीशास्त्र मुख्यतः वाळवलेल्या नमुन्यांवर उभे होते. झाडाची फांदी कागदांत दाबून वाळवली की ती शतकानुशतके टिकते, एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता येते आणि तिच्याशी नवा नमुना ताडून पाहता येतो. मांसल वनस्पती या पद्धतीला दाद देत नाहीत. त्यांच्यातील पाणी सहज निघून जात नाही. दाबाखालीही त्या अनेक आठवडे जिवंत राहतात, काही तर कोंब फोडतात, आणि अखेर कुजून त्यांचा आकार व रंग दोन्ही नाहीसे होतात.

रिचर्ड ब्रॅडली यांनी ही अडचण नेमकी ओळखली. पुढे इ.स. १७२४ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचा 'हिस्टोरिया प्लँटारम सक्युलेंटारम' हा ग्रंथ इ.स. १७१६ ते १७२७ या काळात पाच भागांत प्रसिद्ध झाला आणि त्यात पन्नास चित्रे होती. वाळवलेल्या संग्रहात ठेवता येत नाहीत अशा वनस्पतींसाठी हा ग्रंथ आहे, हे त्याच्या शीर्षकातच स्पष्ट केलेले आहे. वाळवलेला नमुना अशक्य असल्याने अभ्यासकापुढे दोनच मार्ग उरत होते : जिवंत झाडावरून काढलेले चित्र आणि कुंडीत जगवलेले झाड. चित्रासाठीही झाड फुलेपर्यंत जगवणे भाग होतेच.

येथे संगोपनाचे स्वरूप मुळातून बदलते. इतर वनस्पतींच्या बाबतीत माळ्याचे काम संपल्यावर अभ्यासकाचे काम सुरू होत असे. मांसल वनस्पतींच्या बाबतीत माळ्याचे काम थांबले की अभ्यासाचे साधनच नष्ट होई. कुंडी हेच येथे दप्तर होते, आणि ते दप्तर रोज जपावे लागे. एका कडाक्याच्या थंडीच्या रात्रीत किंवा एका निष्काळजी पाणी घालण्यात एखाद्या जातीचा युरोपातील एकमेव पुरावा नाहीसा होऊ शकत असे.

पुढील शतकातही ही परिस्थिती फारशी बदलली नाही. पॅरिसमध्ये ऑग्युस्तँ पिराम द कांदोल यांचे लेखन आणि पिएर-जोझेफ रदूते यांची चित्रे असलेला मांसल वनस्पतींवरील ग्रंथ इ.स. १७९९ पासून क्रमशः निघू लागला. लंडनजवळच्या चेल्सी येथे राहणाऱ्या एड्रियन हार्डी हॅवर्थ यांनी जिवंत झाडांच्या आधारे इ.स. १८१२ मध्ये मांसल वनस्पतींचा सारसंग्रह प्रसिद्ध केला. हावर्थिया या वंशाला त्यांचेच नाव इ.स. १८०९ मध्ये दिले गेले होते. त्यांनी वर्णिलेल्या अनेक जातींची ओळख पटवण्यासाठी पुढील अभ्यासकांना क्यू येथील बागेत जिवंत झाडांवरून काढलेल्या चित्रांचाच आधार घ्यावा लागला.

३. उष्णगृह आणि संगोपनाचे नियम

वायव्य युरोपात या वनस्पतींपुढे दोन संकटे होती : गोठवणारी थंडी आणि हिवाळ्यातील अपुरा उजेड. पहिल्या संकटावर चूल हा उपाय होता. इंग्रज लेखक जॉन एव्हलिन यांनी ऑगस्ट १६८५ मध्ये चेल्सीच्या औषधी बागेला भेट दिली. तेथील वनस्पतिगृहाच्या जमिनीखालून भट्टीची ऊब फिरवण्याची युक्ती पाहून ते प्रभावित झाले आणि त्यांनी तिची नोंद आपल्या रोजनिशीत केली. त्यामुळे ऐन थंडीतही दारे-खिडक्या उघडी ठेवता येत. ही बाब महत्त्वाची आहे, कारण खोलीतच शेगडी ठेवली तर धूर व कोंदटपणा यांनी झाडे मरत.

चेल्सीच्या याच बागेचे फिलिप मिलर हे इ.स. १७२२ पासून जवळजवळ अर्धशतक प्रमुख माळी होते. त्यांचा 'गार्डनर्स डिक्शनरी' हा कोश इ.स. १७३१ मध्ये मोठ्या आकारात प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या हयातीतच त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. मिलर यांनी उष्णगृहाचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले. एका प्रकारात कातडी कमावून उरलेल्या सालींचा थर कुजताना निर्माण होणारी दमट ऊब वापरली जाई. अननसासारख्या झाडांना ती मानवत असे. दुसरे कोरडे उष्णगृह होते. त्यात भिंतीतील धुराड्यांतून ऊब मिळे आणि हवा कोरडी राही. मांसल वनस्पतींचे स्थान या दुसऱ्या प्रकारात होते. ऊब आणि ओल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि एकीची गरज असलेल्या झाडाला दुसरी घातक ठरू शकते, हा भेद येथे प्रथमच व्यवहारात पक्का झाला.

कोरफडीच्या मातीविषयी मिलर यांनी दिलेले प्रमाण आजही लक्षणीय वाटते. निम्मी हलकी ताजी माती आणि उरलेल्या निम्म्यात पांढरी समुद्रवाळू व जुन्या चुनेगच्चीचा चाळलेला चुरा समप्रमाणात, असे मिश्रण कित्येक महिने आधी करून ठेवावे असे ते सांगतात. झाडाची फांदी लावण्यापूर्वी ती कोरड्या जागी काही दिवस तशीच ठेवून तिची जखम सुकू द्यावी, ही त्यांची दुसरी सूचना होय. जखम उघडी असताना फांदी ओल्या मातीत लावली की तेथूनच कूज सुरू होते. आज जेडची फांदी लावणारी व्यक्ती हाच नियम पाळते, मात्र तो किमान पावणेतीनशे वर्षे जुना आहे याची तिला कल्पना नसते. योगायोग असा की जेडचे वनस्पतीशास्त्रीय नावही मिलर यांच्याच कोशाच्या इ.स. १७६८ च्या आवृत्तीतील वर्णनावर आधारलेले आहे.

४. मूळ भूमी आणि तेथील माणसे

क्यू येथील बागेने इ.स. १७७२ मध्ये फ्रान्सिस मॅसन या माळ्याला वनस्पती-संग्राहक म्हणून केपला पाठवले. स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग यांच्यासह त्यांनी अंतर्भागात प्रवास केले. इ.स. १७८० च्या दशकात ते पुन्हा केपला गेले आणि तेथील आपल्या बागेत त्यांनी स्टॅपेलियाच्या अनेक जाती जगवून त्यांची चित्रे काढली. 'स्टॅपेली नोव्ही' हा त्यांचा ग्रंथ इ.स. १७९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपच्या मंद उजेडात वेडीवाकडी वाढलेली झाडे आणि स्वतःच्या उन्हात वाढलेली झाडे यांत किती अंतर असते, हे अशा चित्रांमुळे युरोपातील वाचकांना समजू शकले.

मॅसन यांच्या ग्रंथात 'स्टॅपेलिया गॉर्डोनी' या नावाने आलेली वनस्पती आज हूडिया म्हणून ओळखली जाते. सान लोक लांबच्या शिकारीत भूक व तहान शमवण्यासाठी तिचे खोड चघळत असत. विसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील शासकीय संशोधनसंस्थेने तिच्यातील भूक कमी करणाऱ्या घटकांचे एकाधिकार घेतले. सान समाजाशी लाभ-वाटपाचा करार मात्र त्यानंतर, इ.स. २००३ मध्ये झाला. जेडच्या बाबतीतही असेच दिसते. खोई लोक तिची मुळे किसून, शिजवून खात असत, परंतु जगभरच्या बागकामाच्या पुस्तकांत ती केवळ शोभेचे झाड म्हणून अवतरते. वनस्पती कुंडीत आली, तिची लॅटिन नावे आली, मात्र तिला ओळखणाऱ्या माणसांचे ज्ञान मागे राहिले.

५. पानफुटी आणि पाण्याचे कोडे

मांसल वनस्पतींना कमी पाणी लागते हे माळ्यांना अनुभवाने ठाऊक होते, पण का लागते हे ठाऊक नव्हते. या प्रश्नाच्या उत्तराकडे नेणारी दोन निरीक्षणे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाली. जिनिव्हाचे रसायनशास्त्रज्ञ निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी इ.स. १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फड्या निवडुंगावरील प्रयोग नोंदवले. अंधारात हे निवडुंग ऑक्सिजन शोषून घेते, पण त्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत नाही, असे त्यांना आढळले.

दुसरे निरीक्षण भारतातील अनुभवाशी निगडित आहे. बेंजामिन हाइने हे मुळात तरंगंबाडी येथे आलेले मोरेव्हियन मिशनरी होते. पुढे त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे वनस्पतीतज्ज्ञ म्हणून मद्रास इलाख्यात काम केले, आणि बंगळूरच्या लालबागेशीही त्यांचा संबंध आला. भारतातील बागांत लावल्या जाणाऱ्या पानफुटीविषयी त्यांनी लॅम्बर्ट यांना लिहिलेले पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे एप्रिल १८१३ मध्ये वाचले गेले आणि इ.स. १८१५ मध्ये छापले गेले. पानफुटीचे पान सकाळी चुक्यासारखे आंबट लागते, दिवस वर येताना आंबटपणा ओसरतो, दुपारी ते बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे त्यांनी नोंदवले. या निरीक्षणासाठी त्यांना कोणतेही उपकरण लागले नाही. दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी पान चाखून पाहणे एवढीच त्यांची पद्धत होती.

या आंबटपणाचा उलगडा विसाव्या शतकात पूर्ण झाला. बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच वेळी बाष्पाच्या रूपाने पाणीही गमावतात. पानफुटी, जेड, निवडुंग आणि कोरफड यांसारख्या वनस्पती पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. तेव्हा हवा थंड व तुलनेने दमट असल्याने पाणी कमी जाते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींतील रिक्तिकांत साठतो. दिवसा पर्णरंध्रे मिटलेली असताना हे आम्ल विघटित होऊन कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो आणि सूर्यप्रकाशात त्याचे शर्करेत रूपांतर होते. सकाळचा आंबटपणा हा रात्रीचा साठा होता आणि दुपारचा बेचवपणा हा तो साठा खर्च झाल्याची खूण होती. पानफुटीच्या क्रॅसुलेसी कुलावरूनच या क्रियेला क्रॅसुलेसी आम्ल-चयापचय असे नाव पडले.

या उलगड्याने संगोपनाच्या नियमांना कारण मिळाले. पाणी अतिशय सावकाश वापरणाऱ्या झाडाच्या मुळांशी ओल साचून राहिली, तर मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीचा शिरकाव होतो. उजेड कमी असेल तर पाण्याचा वापर आणखी मंदावतो. म्हणून पाण्याचे प्रमाण हे दिनदर्शिकेवर नव्हे तर उजेड, तापमान आणि मातीचा कोरडेपणा यांवर ठरते.

पानफुटीने साहित्याच्या प्रांतातही स्थान मिळवले. जर्मन कवी गटे यांनी वायमार येथील घरात ती वाढवली. एका पानाच्या कडेवर अनेक रोपे फुटताना पाहणे हे पान हाच वनस्पतीचा मूळ अवयव मानणाऱ्या गटे यांना विशेष अर्थपूर्ण वाटले. इ.स. १८२० च्या दशकात त्यांनी तिची रोपे व पाने मित्रमंडळींना वाटली, आणि मारियान फॉन विलेमर यांनाही पाठवली. जर्मनीत ती आजही गटे यांच्या नावाने ओळखली जाते. दुर्मीळ वनस्पती राजाश्रयाच्या उष्णगृहातून बाहेर पडून हातोहात घरोघरी कशी पोहोचते, याचे हे बोलके उदाहरण होय.

६. उष्णगृहापासून खिडकीपर्यंत

मांसल वनस्पती सामान्य घरात येण्यासाठी केवळ ज्ञान पुरेसे नव्हते. त्यासाठी स्वस्त काच आणि उजेडाची खोली हवी होती. ब्रिटनमध्ये काचेवरील कर इ.स. १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरील कर इ.स. १८५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर मध्यमवर्गीय घरांत मोठ्या खिडक्या व लहान काचगृहे परवडू लागली. याच काळात नॅथनियल बॅगशॉ वॉर्ड यांची बंद काचपेटी लोकप्रिय झाली होती. इ.स. १८२९ मधील एका आकस्मिक निरीक्षणातून सुचलेल्या या पेटीने नेच्यांसारखी नाजूक झाडे महिनोन्‌महिने समुद्रप्रवासात टिकू लागली. मांसल वनस्पतींना मात्र अशा पेटीतील कोंडलेली ओल मानवत नाही. आजही बंद काचपात्रात नेचे व मांसल झाडे एकत्र लावली जातात, तेव्हा मिलर यांनी स्पष्ट केलेला ऊब आणि ओल यांतील भेदच विसरला जातो.

सर्वच मांसल वनस्पती वाळवंटी नसतात, हेही याच शतकात दिसून आले. नाताळच्या सुमारास फुलणारे घरगुती निवडुंग इंग्लंडमध्ये विल्यम बकली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकरातून तयार झाले. त्याची मूळ झाडे आग्नेय ब्राझीलच्या दमट डोंगरी जंगलांत वृक्षांवर व खडकांवर वाढतात. त्याला वाळवंटी निवडुंगासारखे कोरडे ठेवणे चुकीचे ठरते.

जर्मनीत निवडुंगप्रेमींची संस्था इ.स. १८९२ मध्ये स्थापन झाली. इ.स. १९२० च्या दशकात तेथे निवडुंगाची कुंडी ही आधुनिक घराची खूणच बनली, आणि गेओर्ग शोल्त्स यांच्यासारख्या चित्रकारांच्या चित्रांतही खिडकीतील निवडुंग दिसू लागले. याच देशात पॉट्सडॅम येथील रोपवाटिकाकार रॉबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी मादागास्करमधील लाल फुलांची कलांचो इ.स. १९३२ मध्ये बाजारात आणली. तिला फुलण्यासाठी लांब रात्रींची गरज असते. दिवसाच्या लांबीचा फुलोऱ्यावर होणारा परिणाम गार्नर व ॲलार्ड यांनी अमेरिकेत इ.स. १९२० मध्येच मांडला होता. त्यामुळे रोपांवर काळे कापड टाकून वर्षाच्या कोणत्याही महिन्यात फुले आणणे शक्य झाले. संगोपनाचे ज्ञान आता झाड जगवण्यापुरते न राहता बाजाराच्या वेळापत्रकाशी जोडले गेले.

७. भारतीय संदर्भ

भारतात मांसल वनस्पतींचा इतिहास कुंडीपेक्षा कुंपणाशी अधिक निगडित आहे. गावाच्या व शेताच्या कडेने निवडुंगाचे कुंपण, घरासमोर कोरफड आणि औषधासाठी पानफुटी ही परंपरा जुनी आहे. यांतील फड्या निवडुंग अमेरिकेतून, तर पानफुटी मादागास्करमधून आली, हे मात्र विस्मरणात गेले आहे. मद्रासचे डॉ. जेम्स अँडरसन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस किरमिजी रंग देणाऱ्या कोचिनील किड्यांसाठी निवडुंगाची बाग उभारली. कॅप्टन नीलसन यांनी इ.स. १७९५ मध्ये ब्राझीलहून आणलेले किडे मात्र हलक्या जातीचे निघाले. त्यांच्यापासून फायदेशीर रंग मिळाला नाही, उलट त्यांनी एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. दुसऱ्या एका जातीचे निवडुंग दक्षिण भारतात बेसुमार पसरले आणि त्याच्या नियंत्रणासाठी इ.स. १९२६ मध्ये वेगळ्या जातीचे किडे सोडावे लागले. कुंडीची मर्यादा ओलांडलेल्या परकीय वनस्पतीचे काय होऊ शकते, याचा हा धडा आहे.

पुण्याच्या गणेशखिंड वनस्पती उद्यानाचे प्रमुख जी. मार्शल वुड्रो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील बागकामावर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. असा स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याची गरज भासणे हेच इंग्लंडमधील बागकामाच्या पुस्तकांच्या मर्यादेचे निदर्शक आहे. मांसल वनस्पतींबाबत ही मर्यादा विशेष जाणवते. हिवाळ्यात पाणी जवळजवळ बंद ठेवावे, हा युरोपीय ग्रंथांतील मुख्य नियम आहे. तो तेथील अंधाऱ्या व गोठवणाऱ्या हिवाळ्यातून आलेला आहे. महाराष्ट्रातील हिवाळा कोरडा, सौम्य आणि भरपूर उन्हाचा असतो, आणि अनेक मांसल वनस्पती याच काळात उत्तम वाढतात. येथील धोक्याचे महिने जून ते सप्टेंबर हे होत. त्या काळात आकाश ढगाळ, हवा दमट आणि माती सतत ओली असते, म्हणजेच युरोपातील हिवाळ्याप्रमाणे उजेड कमी आणि ओल जास्त. त्यामुळे हिवाळ्यात पाणी तोडा हा नियम येथे पावसाळ्यात पाणी तोडा आणि कुंड्या पागोळ्यांखालून हलवा असा वाचावा लागतो. एप्रिल-मे मधील दुपारच्या प्रखर उन्हात हावर्थियासारख्या झाडांना सावलीची गरज भासते, हेही उत्तर युरोपीय पुस्तकांत ठळकपणे सापडणार नाही.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या मांसल वनस्पतींत शिवसुमन हे नाव अग्रभागी येते. 'बॉम्बे फ्लोरा' या इ.स. १८६१ च्या ग्रंथाचे सहलेखक निकोल डाल्झेल यांनी इ.स. १८६० च्या दशकात तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. शिवनेरीसारख्या गडांच्या कड्यांवर वाढणारी ही वनस्पती मॅसन यांनी चितारलेल्या आफ्रिकी स्टॅपेलियांची नातलग आहे. तिच्या नातलगांना सहसा ठळक पाने नसतात. शिवसुमनला मात्र पावसाळ्यात खरीखुरी पाने येतात आणि कोरड्या ऋतूत ती गळून जातात. तिचे हे वार्षिक चक्र म्हणजे सह्याद्रीतील मांसल वनस्पतीने स्वतःच लिहिलेली संगोपनपुस्तिका होय. नैसर्गिक अधिवासात ती अत्यंत मोजक्या ठिकाणी उरली आहे. परदेशातील संग्राहकांच्या काचगृहांत मात्र ती दीर्घकाळ कुंडीत वाढवली जात आहे. ज्या मातीत ती जन्मली तेथील विद्यार्थ्यांना ती क्वचितच पाहायला मिळते, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

८. संगोपन आणि संवर्धन

घरातील कुंडी आणि दूरची टेकडी यांतील संबंध आज अधिक तीव्र झाला आहे. धोक्यातील वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा साइट्स करार इ.स. १९७५ मध्ये अमलात आला आणि भारत इ.स. १९७६ मध्ये त्यात सामील झाला. निवडुंगांचे कुल आणि कोरफडीच्या बहुतेक जाती या कराराच्या कक्षेत येतात. शतकानुशतके लागवडीखाली असलेली नेहमीची कोरफड मात्र त्यातून वगळलेली आहे. ज्या वनस्पतीची लागवड माणसाने साध्य केली तिला रानातून उपटण्याचे कारण उरत नाही, हे तत्त्व या अपवादातून दिसते.

याउलट परिस्थिती कोनोफायटम या दक्षिण आफ्रिकेतील इवल्याशा मांसल वनस्पतींची आहे. ही झाडे अतिशय सावकाश वाढतात. संग्राहकांची मागणी वाढल्याने इ.स. २०१९ नंतर त्यांची रानातून मोठ्या प्रमाणावर चोरी होऊ लागली, आणि दक्षिण आफ्रिकेला इ.स. २०२२ मध्ये मांसल वनस्पतींच्या अवैध उपशाविरुद्ध राष्ट्रीय धोरण जाहीर करावे लागले. उपटून आणलेली ही झाडे घरातील खिडकीत बहुधा टिकत नाहीत. त्यांची पावसाळी-उन्हाळी घडी वेगळ्या गोलार्धाची असते आणि खरेदीदाराला ती ठाऊक नसते. येथे अज्ञानाने होणारे नुकसान एका कुंडीपुरते राहत नाही. प्रत्येक मेलेल्या झाडाच्या जागी रानातून दुसरे झाड येते.

निष्कर्ष

१. मांसल वनस्पती दाबून व वाळवून जतन करता येत नसल्याने त्यांच्या शास्त्रीय अभ्यासाला जिवंत कुंडीचा आधार घ्यावा लागला. त्यामुळे या क्षेत्रात माळ्याचे काम आणि अभ्यासकाचे काम परस्परांवर अवलंबून राहिले.
२. निचऱ्याची माती, सुकवलेली कलमे आणि कोरडी ऊब हे नियम मिलर यांच्या काळापर्यंत अनुभवाने सिद्ध झाले होते. त्यांचे शास्त्रीय कारण मात्र फार नंतर समजले.
३. या कारणाकडे नेणाऱ्या आरंभीच्या निरीक्षणांपैकी एक भारतातील बागांत वाढणाऱ्या पानफुटीविषयी होते. संगोपनाच्या जागतिक इतिहासात भारताचे स्थान केवळ ग्राहकाचे नाही.
४. पाण्याचा संबंध उजेडाशी व निचऱ्याशी आहे, हे तत्त्व सार्वत्रिक आहे. हिवाळ्यातील विश्रांतीचा नियम मात्र स्थानिक असून महाराष्ट्रात तो पावसाळ्याला लागू करणे अधिक योग्य ठरते.
५. मूळ भूमीतील माणसांचे ज्ञान व तेथील अधिवास यांचे विस्मरण हा या इतिहासातील सातत्याने दिसणारा दोष आहे, आणि त्याचे परिणाम आजच्या अवैध व्यापारातही दिसतात.

समारोप

महाविद्यालयांच्या आवारात, प्रयोगशाळांच्या खिडक्यांत आणि वनस्पती उद्यानांत मांसल वनस्पतींच्या शेकडो कुंड्या आहेत. त्यांतील बहुतेकांवर नावाची पाटीही नसते. झाड कोठून आले, कोणी दिले, केव्हा लावले, त्याची मूळ भूमी कोणती आणि तेथे पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो, एवढी नोंद प्रत्येक कुंडीसोबत ठेवली, तर ती कुंडी इतिहास, भूगोल आणि वनस्पतीशास्त्र या तिन्ही विषयांचे एकत्रित साधन होऊ शकते. या कामाला निधीपेक्षा सातत्य अधिक लागते. ब्रॅडली यांनी ज्यांना वाळवलेल्या संग्रहाबाहेरच्या वनस्पती म्हटले त्या आजही कागदावर टिकत नाहीत. त्यांची नोंद आणि त्यांचे आयुष्य दोन्ही त्यांना पाणी घालणाऱ्या हातावर अवलंबून आहेत.